परतीची तार

आठ वाजून वीस मिनिटांनी
मिक्सरमध्ये खोबरं अर्धंच वाटून झालं असताना
घर एकदम थांबलं.

ठिणगी नाही, वास नाही.
फ्रिज एकदा थरथरला आणि गप्प झाला.
तव्याखालची निळी फुलं तेवढी
जागी राहिली.

"गेली," दादा आतून म्हणाले.
साखरेनं त्यांचे डोळे नेऊन तीन वर्षं झाली.
त्यांना अंधार कळत नाही,
शांतता कळते.

मी म्हटलं, सगळ्यांचीच गेली असेल.
"असेल कशाला, बघ की.
शिकलगारांच्यात हाय का?"
शिकलगारांच्यात टीव्हीवर कुणीतरी भांडत होतं.
गल्लीच्या तोंडाचा दिवाही होता.
"म्हणजे आपलीच," दादा म्हणाले,
दारातला पाहुणा आपल्याकडंच आलाय
हे कळल्यासारखे.
मग जरा थांबून, "बिल भरलंयस न्हवं?"

तीस वर्षं उद्यमनगरात मोटारी भरल्या त्यांनी.
जळालेल्या मोटारीला आधी नाकानं विचारायचे,
मग कानानं,
मीटर शेवटी.
आता खाटेवर बसून
माझे डोळे वापरत होते.

"रबरी चपला घाल. हात पुसून घे.
डावा हात पाठीमागं ठेव.
विजेचं काम एका हातानं करायचं,
दोन्ही हातांनी फक्त नमस्कार."

फ्यूज काढला. आतली तार शाबूत,
केसाएवढी, चकचकीत.
मेन वरच. मीटरचे आकडे मात्र मावळलेले.

"आता टेस्टर."
उजव्या भोकात पेटला,
डाळिंबाच्या दाण्याएवढा.
डाव्या भोकात घातला,
तिथंही पेटला.

"दादा, दोन्हीकडं आहे
आणि कुठंच काही चालत नाही."

ते इतका वेळ गप्प राहिले
की मला वाटलं, झोपले.
"घरातले सगळे खटके पाड.
फ्रिजची पिन काढ. एकूण एक."
मोबाईलच्या उजेडात फिरले,
सोळा मोजले,
देवघरातला झिरोचा धरून.

आता डावं भोक विझलं होतं.

"न्यूट्रल तुटलंय," दादा म्हणाले.
"येणारी येतीया, तिला परत जायला वाट न्हाई.
नुसतं येऊन भागत न्हाई तिचं,
जाता आलं तरच काम करती.
दिव्यातनं, फ्रिजातनं निघून
त्या बंद दाराशी थटली हुती,
म्हणून तुला दोन्हीकडं दिसली."

चार दिवस झाले होते,
मिक्सर लावला की दिवे डोळे मिचकायचे.
मी बोलले नव्हते.
यांना दिसत नाही,
यांना काय सांगायचं दिव्यांचं?
आत्ता सांगितलं.
"सांगायचंस की," म्हणाले. एवढंच.

मी मीटरच्या झाकणाकडं हात नेला,
त्यांना कसं कळलं कोण जाणे.
"त्याला सील हाय. तिथनं पुढचं आपलं न्हवं.
यल्लाप्पाला फोन लाव."

वायरमन यल्लाप्पा पाऊण तासानं आला,
शिडी, हातमोजे, गालात मावा.
खांबावर टॉर्च फिरवला.
काळा पडलेला जोड,
एका बाजूला लोंबणारी तार.
त्यानं गल्लीची लाईन पाडली
आणि शिकलगारांचं भांडण मधेच मिटलं.
वर पान्हा वाजत राहिला,
खाली आम्ही सगळे सारखेच आंधळे.

"आली का?"
शिकलगारांच्यात पुन्हा जुंपली होती.
आमच्याकडं अंधार.
"नाही!" मी ओरडले.

दादा हसायला लागले,
खाट कुरकुरेपर्यंत.
"अगं, खटके कुणी पाडले?"

चाचपडत त्यांच्या खोलीत गेले.
बोर्डावर बोट फिरवलं.
दिवा नाही लावला आधी,
पंखा लावला.
पात्यांनी आळस दिला, मग वेग घेतला,
आणि दादांनी चेहरा वर केला
सकाळी खिडकीकडं करावा तसा.

खांबावरनं यल्लाप्पा अजून विचारत होता,
आली का न्हाई,
सांगा की वो कोण तरी.